केबल बसली म्हणून

वापरलेल्या पार्टवर माझा विश्वास नाही. विकणाऱ्यावर तर नाहीच. जाहिरातीत 'टेस्टेड ओके' दिसलं की मी ते 'चालू केल्यावर पंखा फिरला होता' असं वाचतो. सतरा वर्षं कॉम्प्युटर जोडतोय, दुरुस्त करतोय. त्यातली निम्मी एकाने टाकलेल्या सामानातून दुसऱ्याचं मशिन उभं करण्यात गेली. संशय हेच माझं भांडवल. त्या दिवशी ते नेमकं कुठे कमी पडलं, हे लिहून काढल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही.

गिऱ्हाईक म्हणून आलेला मुलगा विशीतला. आठवड्यातले काही दिवस खोलीवर, काही दिवस घरी. दोन्हीकडे गेम खेळायचे आणि मशिन पाठीवरच्या सॅकमध्ये मावलं पाहिजे. गेमिंगचा लॅपटॉप बजेटच्या बाहेर. "काका, लॅपटॉपचं ग्राफिक गेलं की सगळा बोर्डच जातो ना?" हे त्यानेच विचारलं, तेव्हा मला तो आवडला. बहुतेकजण आधी विचारतात, आत कुठल्या रंगाचे लाइट लागतील.

मग दोन महिने तो छोट्याशा डेस्कटॉपसाठी एकेक पार्ट गोळा करत होता आणि पैसे देण्याआधी माझ्या टेबलावर आणत होता. पहिलं आणलं आरएक्स ५८० ग्राफिक कार्ड, खोक्यासकट. टेस्ट बेंचवर लावलं, कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडलं, तर शेडर, म्हणजे चित्राचं गणित करणारे भाग, २०४८. खऱ्या ५८० ला २३०४ असतात. म्हणजे नाव ५८०, आत जवळपास खालच्या दर्जाचं ५७०. अशी कार्डं कंपनीकडूनच '२०४८ एसपी' या नावाने निघाली होती, त्यामुळे विकणारा खोटं बोलला असंही म्हणता येईना. त्याने खोक्यावरची पुढची चार अक्षरं फक्त वाचून दाखवली नव्हती. तसंही १८५ वॅटचं ते धूड दहा लिटरच्या कॅबिनेटमध्ये कोंबणं म्हणजे शेगडी पेटवणं. परत पाठवलं.

दुसऱ्या खेपेला आरएक्स ६६०० आणलं. १३२ वॅट, एकच आठ पिनांचा कनेक्टर, लांबीला बेताचं. हे मायनिंगमधून, म्हणजे क्रिप्टो चलन कमवायच्या धंद्यातून, आलेलं होतं, हे मागची प्लेट काढताच कळलं. मेमरीच्या भोवती थर्मल पॅडमधून पाझरलेलं तेल, पंख्याच्या पात्यात बारीक डुगडुग. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं तेव्हापासून अशी कार्डं ढिगाने फिरतायत. लोक त्यांना उगाच घाबरतात. ज्याला मायनिंग कळत होतं तो कार्ड कमी वॅटवरच चालवायचा. चिप सहसा धडधाकट असते, जातात ते पंखे आणि पॅड. या कार्डाचं लोडवर हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं तापमान, १०३ अंशांपर्यंत चढत होतं. जुनी पेस्ट खरवडली, पॅड बदलले, पंखा बदलला. ८४. असा आकडा पडद्यावर आला की दिवसभर कुणी काही बोललं तरी चालतं.

प्रोसेसर रायझन ५ ५६००. आधीच्या मालकाने कूलर सरळ वर उपटला असणार, कारण एका कोपऱ्यातल्या तीन पिना आडव्या होत्या. एएम४ सॉकेटमध्ये हे नेहमीचं. पेस्ट चिकटून बसते आणि प्रोसेसर सॉकेटमधून कूलरसोबतच बाहेर येतो. आधी मशिन दहा मिनिटं चालवून गरम करावं आणि कूलर फिरवून काढावा, एवढं कुणी करत नाही. शिसं काढलेली ०.५ ची पेन्सिल पिनेवर चढवून तिन्ही सरळ केल्या. बोर्ड मिनी-आयटीएक्स, सतरा सेंटिमीटरचा चौकोन. हे माप व्हिया कंपनीने २००१ मध्ये आणलं तेव्हा त्यावर कुणी गेम खेळेल असं कुणाच्या मनातही नसावं. आज वापरलेल्या मालात मोठा बोर्ड स्वस्तात मिळतो आणि हा इवलासा भाव खातो. मुलाचं अर्धं बजेट बोर्ड आणि कॅबिनेटनेच खाल्लं. राहिलेल्यातून ४५० वॅटचा, छोट्या एसएफएक्स मापाचा एसएमपीएस, म्हणजे मशिनला वीज पुरवणारा डबा, घेतला. मॉड्युलर, म्हणजे सगळ्या केबल सुट्या. पिशवीत केबल्सचं वेटोळं, त्याला रबरबँड.

एसएमपीएस मी सोडत नाही. मशिनमधली सगळ्यात कंटाळवाणी वस्तू आणि मरताना बाकीच्यांना घेऊन जाणारी. तासभर लोडवर चालवला. चोवीस पिनांची केबल, प्रोसेसरची आठ पिनांची, कार्डाची आठ पिनांची, तिन्हींवर मीटर लावला. १२ व्होल्टचे १२.०८, ५ चे ५.०३. झाकण उघडून कपॅसिटरसुद्धा बघितले. साटाची, म्हणजे डिस्कला वीज देणारी, केबल तेव्हा पिशवीतच होती, कारण तिला लावायला काही नव्हतं.

जोडणीच्या दिवशी सकाळ रायझरने खाल्ली. असल्या कॅबिनेटमध्ये बोर्ड आणि कार्ड पाठीला पाठ लावून उभे असतात, मध्ये पत्रा, आणि दोघांना जोडणारी चपटी रायझर केबल. सगळं आवरलं, पंखे फिरले, पण डिस्प्ले नाही. रॅम काढघाल केली, कार्ड काढघाल केलं. मग केबलच्या कडेला बारीक छापलेलं दिसलं, ३.०. बोर्ड आणि कार्ड दोन्ही चौथ्या पिढीचे, ते आपापसात ४.० च्या वेगाने बोलायचं ठरवतात आणि मधल्या केबलला तो वेग झेपत नाही. उपाय सोपा. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन स्लॉट तिसऱ्या पिढीवर बांधून टाकायचा. पण बायोस दिसायला डिस्प्ले पाहिजे आणि ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक नाही. म्हणजे अख्खं मशिन पुन्हा उघडा, कार्ड थेट बोर्डावर खोचा, सेटिंग बदला, सेव्ह करा, पुन्हा कोंबा. दीड तास गेला. कॅबिनेट लहान असलं की एका सेटिंगसाठी बावीस स्क्रू.

आणि ही सेटिंग बायोसच्या सेलवर जिवंत राहते. जुना सेल २.६ व्होल्ट दाखवत होता, तो बदलला. शिवाय कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली: 'बायोस रिसेट झाल्यास डिस्प्ले येणार नाही. कार्ड थेट स्लॉटमध्ये लावून जेन ३ करावे.' मुलगा हसला. म्हणाला, "काका, तुम्ही किती बारीक बघता." मग तो जेवायला गेला आणि जाताना आपल्या जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क ठेवून गेला. अडीच इंची, एक टीबी. "ही पण आत बसवा, चार वर्षांचं सगळं हिच्यात आहे."

फिरत्या डिस्कला सॅकमधून फिरवणं मला पटत नव्हतं. पण बजेट संपलं होतं. पिशवीतून साटाची केबल काढली. एक टोक डिस्कला, दुसरं एसएमपीएसला. बसलं. आमच्याकडे काम करणारा पोरगा शेजारीच उभा होता.

बटण दाबलं. पंखा पाव फेरा फिरला आणि थांबला. 'टिक'.

मी पुन्हा दाबलं.

हे दुसऱ्यांदा का दाबलं, याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. पोराने असं केलं असतं तर मी त्याला दहा मिनिटं सुनावलं असतं. पुन्हा 'टिक', आणि या वेळी तो वास. हा धंदा करणाऱ्याला तो वास झोपेतही ओळखू येईल.

साटाची केबल काढली. मशिन मुकाट चालू झालं. मग केबल मोकळी सोडून मीटर लावला. साटाच्या पंधरा पिनांत सात-आठ-नऊवर ५ व्होल्ट यायला हवेत. आले १२.०८. आणि तेरा-चौदा-पंधरावर, जिथे १२ पाहिजेत, तिथे ५. केबल त्या एसएमपीएसची नव्हतीच. विकणाऱ्याकडे दहा एसएमपीएस असतील, केबल्सचा एक ढीग असेल, त्यातली बसेल ती त्याने दिली.

बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. साटाचं डिस्ककडचं टोक जगभर एकसारखं, पण एसएमपीएसकडचं ज्याचं त्याचं. प्लगचा आकार बऱ्याचदा तोच, खाचा त्याच, पण आत कुठल्या पिनेवर काय सोडायचं हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही जुळत नाही. पूर्वी निदान वायरींना रंग होते. पिवळी १२, लाल ५, केशरी ३.३. आता काचेतून छान दिसावं म्हणून सगळ्या काळ्या. मला हे सगळं माहीत होतं. मीच पोराला शंभरदा सांगितलंय की मॉड्युलर केबल एका ड्रॉवरमध्ये टाकत जाऊ नकोस, ज्याची त्याला बांधून ठेव.

पोरगा काही बोलला नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाला, "सर, त्याला सांगायचं ना?"

मी म्हणालो, "आधी डिस्क बघू."

अडीच इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतच नाहीत, तिचा सगळा कारभार ५ वर. त्या ५ च्या तोंडाशी एक टीव्हीएस डायोड बसवलेला असतो, तांदळाच्या दाण्याएवढा. जास्त व्होल्ट आले की तो स्वतः शॉर्ट होतो आणि मागच्यांना वाचवतो. मशिन 'टिक' करून बंद पडत होतं ते त्यामुळेच. मेलेला डायोड एसएमपीएसला शॉर्ट दिसत होता. खालचं सर्किट सोडवलं, पालथं केलं. डायोडच्या दोन टोकांना मीटर लावला, बीप. वर एक करडा डाग. हॉट एअरने तो उचलला, पुन्हा मीटर लावला. बीप गेली. मग ते सर्किट परत बसवून डिस्क यूएसबी अ‍ॅडॉप्टरवर लावली आणि कान जवळ नेला. मोटरवाली चिप किंवा आतला हेडचा अ‍ॅम्प्लिफायर गेला असता तर इथेच कथा संपली असती. एक क्षण शांतता. मग ती फिरायला लागल्याचा बारीक सूर, हेड उतरल्याचा आवाज, आणि पडद्यावर ड्राइव्ह. मी हे काम चांगलं केलं. हे इथे लिहायची गरज नाही, तरी लिहितोय.

डायोड नसलेली डिस्क चालते, पण उघड्या डोक्याने. पुढचा झटका थेट आत. म्हणून माझ्याकडची एक टीबीची एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्क, काढली, तीही वापरलेलीच पण मी स्वतः तपासलेली, आणि सगळं तिच्यावर उतरवायला लावलं. गिऱ्हाइकाचे फोल्डर मी उघडत नाही. पण कॉपी होताना नावं डोळ्यांपुढून सरकतात. 'फायनल', 'फायनल २', 'सेमी', 'हरलो तरी भारी'. साडेतीन तास ती नावं सरकत होती. मध्ये मुलगा आला, तर त्याला संध्याकाळी ये म्हटलं. चुकीच्या केबलचा प्लग मी कातरीने तोडून टाकला आणि साटासाठी एसएमपीएसच्या खुणा बघून, मीटर लावून, नवी केबल बनवली.

संध्याकाळी तो आला. मशिन चालू केलं, अर्धा तास गेम चालवला, तापमान ठीक, आवाज बेताचा. त्याने सॅकमध्ये घालून बघितलं, पाठीवर घेऊन दोन उड्या मारल्या. मी म्हणालो, "डिस्क जुनी होती, सॅकमध्ये हलणार, म्हणून सगळं एसएसडीवर टाकून दिलंय. जुनी डिस्क वापरू नकोस, तिचा भरवसा नाही."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खोक्यावरची पुढची चार अक्षरं फक्त मी वाचून दाखवली नव्हती.

त्याने एसएसडीचे पैसे विचारले. मी राहू दे म्हटलं. मजुरी विचारली, तीही राहू दे म्हटलं. त्याचा चेहरा असा झाला की तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्याने हात जोडले, "काका, एवढं कोण करतं," म्हणाला आणि सॅक सांभाळत पायऱ्या उतरला. चिठ्ठी रायझरची चिकटवली होती. डिस्कची नाही.

पोरगा त्या दिवशी टेबल पुसून गेला, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्याने ड्रॉवरमधल्या सगळ्या केबल्स वेगळ्या करून, प्रत्येकीला पट्टी लावून, वर एसएमपीएसचं मॉडेल लिहून ठेवलं होतं. हे काम मी त्याला दोन वर्षं सांगत होतो.

परवा मुलगा पुन्हा आला. मशिन उत्तम चाललंय म्हणाला. सोबत मित्र होता. मित्राच्या हातात पिशवी, पिशवीत कुठून कुठून जमवलेलं सामान, तळाशी केबल्सचं वेटोळं. मी वेटोळं बाहेर काढून विचारलं, या केबल्स याच एसएमपीएसच्या का. मित्र म्हणाला, माहीत नाही, पण बसतात.

"तू टेन्शन घेऊ नको," मुलगा त्याला म्हणाला. "काकांच्या हातून काही सुटत नाही."

आमचा पोरगा तेव्हा टेबलाखाली वाकून स्क्रू शोधत होता. खाली काही पडलेलं नव्हतं.