थंड धुरी: लाकूड एकीकडे, चीज दुसरीकडे

चीजला धुराचा स्वाद हवा, पण आच मात्र लागता कामा नये, एवढ्या एका अटीपायी मी हे यंत्र करायला घेतले. थंड धुरी देताना पेटीतले तापमान साधारण ३० अंश सेल्सियसच्या खाली ठेवावे लागते. त्याच्या वर गेले की चीजमधले स्निग्धांश पाझरू लागतात. म्हणून लाकूड धुमसण्याची जागा आणि पदार्थाची पेटी वेगळी ठेवून मधून फक्त धूर न्यायचा.

लाकडाच्या ढलप्या भरायला स्टेनलेस स्टीलचे उभे नळकांडे, त्याच्या तळाशी पेटवण्यासाठी छोटे भोक, वर घट्ट झाकण आणि झाकणाच्या जरा खाली बाहेर पेटीकडे जाणारी रुंद नळी, असा सारा संसार. या रुंद नळीच्या बरोबर समोरून एक बारीक पितळी नळी आत येते आणि तिला फिशटँकचा हवा सोडणारा छोटा पंप जोडलेला असतो. पंप ५ व्होल्टवर चालणारा घेतल्यामुळे मोबाइलच्या पॉवर बँकेवर काम भागते आणि यंत्र उचलून कुठेही नेता येते. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप स्वस्त असला तरी तो घेऊ नये, कारण तापल्यावर त्यातून जस्ताची विषारी वाफ निघू शकते.

खरी मेख त्या पितळी नळीच्या टोकात आहे. वेगाने सुटलेली हवा आपल्याभोवती कमी दाब निर्माण करते आणि नळकांड्यातला धूर स्वतःबरोबर ओढून नेते, मात्र त्यासाठी टोक रुंद नळीच्या तोंडातून थोडे आत गेलेले असले पाहिजे. माझे टोक पहिल्या खेपेला अर्धा सेंटिमीटर आखूड पडले. हवा नळकांड्यातच घुसली, धूर खालच्या भोकातून बाहेर पडू लागला आणि शांतपणे धुमसायच्या ढलप्या चक्क भडकल्या. नळी सेंटिमीटरभर पुढे सरकवली, तेव्हा कुठे निळसर, पातळ धूर पेटीत जाऊ लागला.

ढलप्या कठीण लाकडाच्या आणि कोरड्या हव्यात. राळ असलेले, रंगवलेले किंवा प्लायवुडचे लाकूड अजिबात नको. नुसता भुसा भरला तर तो दबून बसतो आणि हवा कोंडते. ढलप्यांमध्ये एक स्टीलची स्प्रिंग उभी केली, तर धुराला मोकळी वाट राहते.

एवढे करूनही धुरातले चिकट डांबर पिच्छा सोडत नाही. तासाभराने नळीच्या तोंडाशी काळपट तपकिरी थेंब लोंबू लागतो आणि तो चीजवर पडला तर कडवटपणा काही केल्या जात नाही. मी नळी पेटीकडून नळकांड्याकडे किंचित उतरती बसवली, म्हणजे थेंब मागे ओघळतो. पंपाच्या नळीतही एकमार्गी झडप घातली, नाहीतर पंप बंद होताच धूर उलटा त्याच्यात शिरतो.

कार्बन मोनॉक्साइडमुळे हे काम उघड्यावरच करावे. मासे आणि मांस मी या यंत्रात ठेवत नाही, कारण थंड धुराने जंतू मरत नाहीत आणि मिठात मुरवण्याचे शास्त्र नीट शिकल्याशिवाय तो धोका पत्करण्यात अर्थ नाही. चीजला दोन तास धुरी पुरते. लगेच चाखले तर राखेसारखे लागते; कागदात गुंडाळून आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवले की धूर आतपर्यंत मुरतो आणि मग ते सुरीखाली येते.