उजव्या नळीची गोळी डावीकडे का जाते?

संरक्षण क्षेत्रातील एका प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यापासून मी पाषाणच्या घरी सल्ल्याचे थोडेफार काम करतो. दाबाचे आलेख तपासणे, कोणाच्या चाचणी अहवालातील चुका दाखवणे, असे ते बहुधा निरस काम असते. मागच्या मे महिन्यातील एका शनिवारी मात्र एक वेगळेच प्रकरण समोर आले. माझ्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा, मूळचा कोथरूडचा आणि आता दक्षिण आफ्रिकेतील एका खाणीत अभियंता म्हणून काम करणारा, सुट्टीवर आलेला असताना सकाळीच एक वही आणि कागदी निशाणांची गुंडाळी घेऊन घरी आला. आल्या आल्या तो म्हणाला, "काका, सोमवारी माझी रायफल भट्टीवर चढणार आहे. त्याआधी एकदा तुम्ही हे बघा."

रायफल अर्थातच तिकडे होती, आणि ती इकडे असती तरी तिचा आम्हाला उपयोग नव्हता. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्न संपवलेला आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतूस तयार करायलाही परवाना लागतो. दक्षिण आफ्रिकेत परवानाधारकाने स्वतःच्या रायफलीची काडतुसे घरी भरणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे, आणि रानरेड्याची शिकार तेथे कायदेशीर आहे. शिकारीविषयी माझे मत वेगळे आहे. त्याला ते ठाऊक आहे, त्यामुळे त्या वादात आम्ही शिरलो नाही.

त्याची रायफल .४७० नायट्रो एक्सप्रेस बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप), इंग्रजी बनावटीची, जुनी दुनाळी. या बोअरचा आपल्या देशाशी जवळचा संबंध आहे. ब्रिटिश सरकारने १९०७ मध्ये .४५० बोअरच्या रायफली आणि काडतुसे भारतात आणण्यावर बंदी घातली, कारण त्यांचे साहित्य बंडखोरांच्या हातातील जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना उपयोगी पडेल, अशी भीती होती. त्यामुळे इंग्रज बंदूककारांना भारतातील गिऱ्हाइकांसाठी जवळपासचे दुसरे बोअर पुढे आणावे लागले. जोसेफ लँगचा .४७० त्यांतलाच, आणि पुढे तो आफ्रिकेत सर्वांत जास्त चालला. गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅमची, आणि छापील वेग सेकंदाला २१५० फूट.

निशाणाचे कागद मी जेवणाच्या टेबलावर पसरले. पन्नास मीटरवरून झाडलेल्या गोळ्या होत्या. ज्यांवर उजव्या नळीची खूण होती त्या डाव्या नळीच्या गोळ्यांच्याही डावीकडे, जवळपास दहा सेंटीमीटरवर पडल्या होत्या. दोन्ही नळ्यांचे मारे एकमेकांना ओलांडून गेले होते. तेथील बंदूककाराने यावरून असा निष्कर्ष काढला होता की, नळ्यांमधील पट्टीचा डाख सुटला असावा आणि तोंडाजवळची पाचर हलली असावी. उपाय म्हणजे नळ्या तापवून डाख वितळवायचा, पाचर सरकवायची, पुन्हा डाख द्यायचा, गोळ्या झाडून पाहायच्या आणि जमेपर्यंत हेच करत राहायचे. असे काम करणारा कारागीर कुशल असला तरी शिसे-कथिलाचा डाख १८३ अंशांच्या वर तापवल्याखेरीज सुटत नाही आणि प्रत्येक तापवणीत जुन्या जोडकामाला धोका असतो. नळ्यांचा काळा रंग पुन्हा चढवावा लागतो तो खर्च निराळाच.

दुनाळी रायफलीच्या नळ्या समांतर नसतात, तोंडाकडे त्या किंचित एकमेकींकडे झुकवलेल्या असतात. उजवी नळी रायफलीच्या गुरुत्वमध्याच्या उजवीकडे असते, त्यामुळे ती झाडली की गोळी नळीतून बाहेर पडण्याआधीच रायफल उजवीकडे आणि वर वळू लागते. डावी नळी झाडली की ती डावीकडे आणि वर वळू लागते. हे वळण जितके होणार, तितकेच झुकणे कारागीर आधीच देऊन ठेवतो. मी कागदावर आकडे मांडून दाखवले. गोळी ६६ सेंटीमीटर लांबीच्या नळीतून जाईपर्यंत पाच किलोची रायफल जेमतेम साडेचार-पाच मिलिमीटर मागे सरकते, पण तेवढ्यात होणाऱ्या वळणाने पन्नास मीटरवर काही सेंटीमीटरांचा फरक पडतो.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण शिकारी मंडळी ती नेहमी अर्धवट सांगतात. वेगवान गोळी नळीत कमी वेळ राहते, म्हणून रायफल कमी वळते, असे ते म्हणतात. रायफल पूर्ण ताठ आणि मोकळी मानली, तर हिशोबात हे बरोबर येत नाही, कारण गोळी बाहेर पडेपर्यंतचे वळण वस्तुमानांच्या प्रमाणावर आणि नळीच्या लांबीवर ठरते आणि वेग त्यातून गळून जातो. पण खरी रायफल ताठ नसते. नळ्या लवतात, दस्ता लवतो, खांदा आणि हात तिला धरून ठेवतात, आणि या सगळ्याला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो. त्या वाटेने वेग पुन्हा हिशोबात येतो. व्यवहारातला नियम त्यामुळे खराच ठरतो: मारे एकमेकांना ओलांडत असतील तर काडतूस जास्त वेगवान आहे, आणि एकमेकांपासून दूर जात असतील तर कमी.

म्हणून मी नळ्या बाजूला ठेवल्या आणि वही उघडली. वही उत्तम होती. प्रत्येक काडतुसाची पुंगळी, प्राइमर (दारू पेटवणारी टोपी), दारूचे वजन, गोळीची जात, फेसाळ प्लास्टिकचा भराव, क्रोनोग्राफवरचा, म्हणजे वेग मोजण्याच्या यंत्रावरचा, वेग, तारीख आणि तापमान, असे सगळे तीत लिहिलेले होते. माझ्या नोकरीतले काही कनिष्ठ इतके नीट लिहीत असते, तर माझे केस उशिरा पांढरे झाले असते. जुलैतल्या एका थंड सकाळच्या पानावर सरासरी वेग २०९० फूट होता आणि त्या कागदावर दोन्ही नळ्यांच्या गोळ्या चार सेंटीमीटरांत होत्या, उजवीच्या उजवीकडेच. सप्टेंबरच्या पानावर त्याने दारू दोन ग्रेनने वाढवली होती आणि वेग २१४० वर नेला होता. फेब्रुवारीत, लिम्पोपो प्रांतात ३८ अंशांच्या दुपारी, तीच काडतुसे २२१५ फुटांवर गेली होती. ओलांडलेले मारे याच पानाचे होते.

"दारू वाढवलीस का?" मी विचारले.

"पुस्तकात २१५० आहे, काका. त्याच्या खाली रायफल चुकीची चालते आहे असं वाटलं."

ही समजूत अनेकांची असते. जुने छापील वेग बऱ्याचदा लांब चाचणी-नळीतून मोजलेले असत. खांद्यावरच्या रायफलीतून तीच काडतुसे त्याहून कमी वेगाने जात. शिवाय, कारागिराने नळ्या जुळवल्या त्या पुस्तकातल्या आकड्याला नव्हे, त्याच्यासमोर ठेवलेल्या काडतुसाला. नळ्यांच्या खालच्या सपाट भागाचा फोटो त्याच्या फोनमध्ये होता. तेथे प्रूफ हाउसच्या, म्हणजे बंदुकांची दाबचाचणी करणाऱ्या संस्थेच्या, शिक्क्यांबरोबर ७५ आणि ५०० हे आकडे होते, म्हणजे ७५ ग्रेन कॉर्डाइट ही जुनी बिनधुराची दारू आणि ५०० ग्रेनची गोळी. आज कॉर्डाइटची काडतुसे जुन्या साठ्यातच सापडतात. नव्या दारूने तोच दाब आणि तोच वेग कसा साधायचा, एवढाच हातभराईचा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर पुस्तकापेक्षा त्या रायफलीच्या निशाणावर लवकर सापडते.

तरीही डाख सुटला नाही हे सिद्ध व्हायला हवे होते. आपल्याकडे दुपारचे दोन वाजले असताना तिकडे सकाळचे साडेदहा झाले होते. आम्ही बंदूककाराला व्हिडिओ कॉल लावला. गृहस्थ सभ्य होते. पुण्याच्या कोण्या म्हाताऱ्याने आपल्या निदानावर शंका घ्यावी, याचा त्यांना राग आला नसेल असे नाही, पण त्यांनी तो दाखवला नाही. दस्त्यापासून नळ्या वेगळ्या करून त्यांनी त्या दोरीने टांगल्या आणि लाकडी दांड्याने हलकेच ठोकल्या. डाख कोठे सुटला असेल, तर आवाज बद्द येतो. फोनच्या लहानशा स्पीकरवरही तो देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ, लांबत जाणारा आला. जागा बदलून ठोकल्यावरही तसाच.

त्यांच्या तिजोरीत योगायोगाने जुलैतल्या भराईची काही काडतुसे शिल्लक होती. ती दुपारी झाडून पाहावीत, असे मी सुचवले. दोन अटी घातल्या: टेबलावर झाडताना नळ्या आधाराला टेकवायच्या नाहीत, हात मध्ये ठेवायचा, कारण नळीखाली कडक टेकण असले की वळणच बदलते, आणि उजवी-डावी जोडी झाडल्यावर नळ्या पूर्ण थंड होऊ द्यायच्या.

संध्याकाळी निशाणाचा फोटो आला. तिकडे तेव्हा २१ अंश तापमान होते आणि सरासरी वेग २११० फूट. उजव्या नळीच्या दोन्ही गोळ्या डावीच्या उजवीकडे, सुमारे दोन सेंटीमीटरवर. उंचीत थोडा फरक होता, पण रानरेड्यावर पन्नास मीटरांच्या आतून झाडायच्या रायफलीत तो मला चिंतेचा वाटला नाही. दुसरी गोळी क्वचितच सावकाश झाडायला मिळते, म्हणून दोन्ही नळ्यांचे एकमत येथे सुबकपणापेक्षा महत्त्वाचे.

भट्टीचे काम रद्द झाले. त्याने आणखी एक विचारले: नव्या, एकसंध तांब्याच्या गोळ्या वापराव्यात का? मी नको म्हणालो. जुन्या दुनाळीच्या तोंडाकडच्या पातळ भिंतीत कडक गोळी आतल्या पिळदार खाचांचा ताण वाढवते आणि कधीकधी खाचांची रेघ नळीच्या बाहेरच्या पृष्ठावर उमटते. शिशाच्या गाभ्याच्या, मऊ कवचाच्या गोळ्या त्याच्याकडे होत्याच. पुढची भराई जुलैतल्या वजनावरून सुरू करायची, काडतुसे उन्हाळ्याच्या तापमानाला ठेवून झाडायची आणि वेग २१०० च्या आसपास येईपर्यंत दारू अर्ध्या अर्ध्या ग्रेनने कमी करत जायची, असे ठरले. हिवाळ्यात तीच काडतुसे थोडी मंद चालतील आणि मारे थोडे दूर जातील. त्याची शिकार कोणत्या ऋतूत होते, यावर त्यातला मधला आकडा त्याने निवडायचा आहे.