जात्यावरच्या ओव्या सीडीवर: काम कुठवर आलं

आत्याच्या ओव्यांचं एडिटिंग संपलं, आता सीडी बर्न करायची. तिच्याकडे जुना सीडी प्लेअर आहे आणि त्यावर एमपी३ भरलेली डेटा सीडी वाजत नाही. ऑडिओ सीडीच हवी, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. रेकॉर्डिंग आहे ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्हमध्ये, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलमध्ये. रूपांतर टळत नाही, पण ते एकदाच आणि अगदी शेवटी करायचं, हे पथ्य मी कडक पाळतोय.

रेकॉर्डरमधून फाइल यूएसबीने थेट कॉपी केली. हेडफोनच्या जॅकला वायर लावून पुन्हा रेकॉर्ड करू नका. आवाज एकदा अ‍ॅनालॉग होऊन परत डिजिटल होतो आणि वाटेत खरखर शिरते. मूळ रेकॉर्डिंगच एमपी३ असेल तर त्याचं वेव्ह केल्याने गेलेलं परत येत नाही, पण निदान मधे पुन्हा एमपी३ तरी करू नये.

ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या प्रोग्रॅममध्ये सगळं काम ३२ बिट फ्लोटमध्ये ठेवलं, म्हणजे मधल्या बदलांत बारकावे गळत नाहीत. नॉइज रिडक्शन लावून बघितलं आणि काढून टाकलं. जात्याची घरघर कमी झाली खरी, पण ओळीच्या शेवटी आत्या श्वास घेते तो पाण्याखालून आल्यासारखा लागायला लागला. घरघर राहू दे. ओवीची लय त्या जात्यावरच तर चालते! फक्त सर्वात मोठा आवाज उणे १ डेसिबलवर आणला आणि डिदर (बिट कमी करताना येणारा दोष झाकायला मिसळलेला अगदी बारीक गोंगाट) चालू ठेवून एक्स्पोर्ट केलं. १६ बिटला सर्वात हळू ते सर्वात मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. ओसरीवर रेकॉर्ड केलेल्या आवाजाला तो भरपूर झाला.

सगळ्यात जास्त वेळ ट्रॅक पाडण्यात गेला. सीडीवर एका सेकंदाच्या ७५ फ्रेम असतात, एका फ्रेममध्ये ५८८ सॅम्पल, म्हणजे आवाजाची मोजमापं. ट्रॅक फ्रेमच्या मधेच कुठे तोडला तर उरलेली फ्रेम शून्यांनी भरली जाते आणि सलग घरघरीत बारीक टक् ऐकू येतं. म्हणून ऑडॅसिटीत स्नॅपिंग (खूण आपोआप ठरलेल्या जागी बसवणं) सीडीडीए, म्हणजे ऑडिओ सीडीच्या, फ्रेमवर ठेवून, दोन ओव्यांमधल्या श्वासावर खुणा केल्या. बर्न करताना डिस्क-अ‍ॅट-वन्स (अख्खी सीडी एका दमात लिहिणं) निवडायचं आणि ट्रॅकमधलं दोन सेकंदांचं अंतर शून्य करायचं.

एका सीडीच्या ऐंशी मिनिटांत सगळं मावत नाही, म्हणून दोन सीडी होतील: एकीवर माहेरच्या आणि भावाच्या ओव्या, दुसरीवर विठ्ठलाच्या. पहिली बर्न झाली की ती परत रिप करून, म्हणजे तिच्यावरून फाइल काढून, एक्स्पोर्ट केलेल्या वेव्हशी ताडून बघणार, मगच दुसरी.