आईची फॅमिली पेन्शन आणि तिचं लग्नातलं नाव

सैनिकांची पेन्शन वाढली की गावात लगेच चर्चा होते. पण पेन्शनर गेल्यावर त्याच्या बायकोची पेन्शन सुरू कशी करायची, हे मात्र कुणी कुणाला सांगत नाही. माझे बाबा, निवृत्त हवालदार, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गेले. ७३ वर्षांचे होते. भाऊ नोकरीला लांब, म्हणून आईच्या फॅमिली पेन्शनचं सगळं काम माझ्याकडे आलं. ते पार पडलं, पण ज्या घरात माजी सैनिक अजून हयात आहेत त्यांनी यातलं बरंचसं आजच करून ठेवावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून लिहिते आहे.

आधी पेन्शनचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबा १९७० साली भरती झाले आणि चाळिशीच्या आत घरी आले. शिपायाला किंवा हवालदाराला १५ वर्षं सेवा झाली की पेन्शन बसते, आणि बहुतेकांना ती ऐन उमेदीच्या वयात मिळू लागते. बाकीच्या सरकारी नोकरांसारखी ६० पर्यंत पगाराची सोय त्यांना नसते. आणि पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते, त्यामुळे जुन्या हवालदाराची पेन्शन आणि पंधरा-वीस वर्षांनी निवृत्त झालेल्या हवालदाराची पेन्शन यांत मोठी तफावत पडायची. हुद्दा तोच, सेवा तेवढीच, आणि आमच्या शेजारच्या वाडीतल्या तरुण हवालदाराला बाबांपेक्षा कितीतरी जास्त. बाबांनी हे कधी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, पण २०१५ साली माजी सैनिक जंतरमंतरवर उपोषणाला बसले तेव्हा ते रोज पेपरातली कात्रणं कापून ठेवायचे.

त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला वन रँक वन पेन्शनचा आदेश निघाला आणि ती १ जुलै २०१४ पासून लागू झाली. एका हुद्द्याच्या आणि एका सेवाकाळाच्या लोकांची किमान व कमाल पेन्शन घेऊन तिची सरासरी काढायची, खालच्यांना तिथपर्यंत आणायचं, वरच्यांची कमी करायची नाही, आणि दर पाच वर्षांनी पुन्हा आकडा ठरवायचा, अशी ती रचना. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये ती कायम केली. पुढची फेररचना १ जुलै २०१९ पासूनची, पण मंत्रिमंडळाची मंजुरी आली २३ डिसेंबर २०२२ ला. थकबाकीवरून पुन्हा न्यायालय. शेवटी न्यायालयानेच तारखा घालून दिल्या आणि ७० वर्षांवरच्यांना ३० जून २०२३ पर्यंत सगळी रक्कम द्यायला सांगितलं. बाबा त्या गटात होते. ते पैसे त्यांना हयातीत मिळाले याचं मला फार समाधान आहे, कारण त्या साडेतीन वर्षांत त्यांच्या बरोबरीचे कितीतरी जण गेले.

दरम्यान आणखी एक मोठा बदल झाला होता. वर्षानुवर्षं बँक पेन्शन काढायची. आता ती ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर गेली, आणि कारभार प्रयागराजच्या द्रौपदी घाटावरच्या संरक्षण लेखा (पेन्शन) कार्यालयातून होऊ लागला. बँकेतले ओळखीचे साहेब, ‘काका, दाखला आणलात का?’ असं विचारणारे, ते आता या व्यवहारात नव्हते. बाबांचा मोबाइल नंबर जुना होता, त्यामुळे लॉगिनचा मेसेज त्यांना कधी मिळालाच नाही. पेन्शन नियमित जमा होत होती, म्हणून घरात कुणाला शंकाही आली नाही. स्पर्शवर पहिल्यांदा आत गेल्यावर पेन्शनरने आपली माहिती तपासून दुरुस्त करायची असते. ते तपासणं राहून गेलं.

बाबा गेल्यावर मी मृत्यूचा दाखला घेऊन आमच्या भागातल्या सेवा केंद्रात गेले. तिथून मृत्यूची नोंद स्पर्शवर झाली. ही नोंद लवकर करा. पेन्शनरच्या मृत्यूनंतर खात्यात जमा झालेली पेन्शन परत घेतली जाते, आणि ते पैसे खर्च झालेले असले तर बाईमाणसाच्या जिवाला घोर लागतो. नोंद होताच बाबांची पेन्शन थांबली. आईची सुरू व्हायला हवी होती. झाली नाही, कारण पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, पत्नी म्हणून जे नाव होतं ते आईच्या आधारवर नव्हतंच.

आईचं लग्न १९७६ चं. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, आणि सुट्टी संपवून परत गेल्यावर बाबांनी युनिटमध्ये तेच नाव दिलं. त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लष्करातली अधिकृत नोंद, निघाली, तेच सर्व्हिस रेकॉर्डला गेलं, तेच पुढे पीपीओवर आलं. पण घरात, गावात, रेशन कार्डावर, मतदार यादीत, आधारवर सगळीकडे तिचं माहेरचंच नाव राहिलं. त्या पिढीतल्या किती बायकांचं असं असेल! त्यात भर म्हणजे रेकॉर्डला तिच्या जन्मतारखेच्या जागी नुसतं साल होतं. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, ‘मग मी त्यांची बायको आहे हे आता कुणी सांगायचं?’ त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्या रात्री मी फार रडले.

वाट दाखवली गावातल्या सुभेदार काकांनी. ते म्हणाले, ‘पोरी, प्रयागराजला लिहून उपयोग नाही. सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून जे येतं तेच ते मानतात. आधी रेकॉर्डला नाव दुरुस्त होऊ दे, मग दुरुस्तीचा पीपीओ आपोआप निघेल. आणि आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.’ या एका सल्ल्याने माझं काम मार्गी लागलं. मी तोपर्यंत स्पर्शच्या तक्रार खिडकीवरच अर्ज टाकत बसले होते, आणि दर वेळी उत्तर येत होतं की रेकॉर्ड ऑफिसशी संपर्क साधा. उत्तर बरोबरच होतं, पण रेकॉर्ड ऑफिसला नेमकं काय पाठवायचं हे त्यात कुठे नव्हतं.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या कल्याण संघटकांनी बाबांचं डिस्चार्ज बुक उघडलं आणि पत्नीच्या नोंदीचं पान मला दाखवलं. ते पुस्तक बाबांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ट्रंकेत ठेवलं होतं, म्हणून शाबूत राहिलं. त्यांनी कागद सांगितले: दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र, जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला, ग्रामपंचायतीचा दाखला, आधार, पॅन, मृत्यूचा दाखला आणि पीपीओची प्रत. शाळेचा दाखला मिळवायला आईच्या माहेरी गेले. जिल्हा परिषदेच्या शाळेत जुनी रजिस्टरं जपून ठेवलेली होती, आणि मुख्याध्यापक बाईंनी स्वतः पानं चाळून आईची नोंद काढून दिली. आई चौथीपर्यंत शिकली, तेवढ्याने हा पुरावा तयार झाला. शाळेत न गेलेल्या बाईने काय करायचं, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही.

प्रतिज्ञापत्र तहसील कार्यालयात करून पाठवलं, तर रेकॉर्ड ऑफिसने ते प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर केलेलं मागितलं. म्हणून सांगते, प्रतिज्ञापत्र करण्याआधी रेकॉर्ड ऑफिसकडून मसुदा मागवून घ्या, ते पाठवतात. प्रत्येक कागदाच्या वर आर्मी नंबर, हुद्दा, नाव आणि पीपीओ नंबर लिहा. एखादं पान सुटं झालं तरी ते त्या फाइलला परत लागतं. आणि अर्ज शक्यतो जिल्हा सैनिक कार्यालयाच्या पत्रासोबतच जाऊ द्या, कारण मग विचारणाही त्यांच्यामार्फत करता येते.

मधल्या महिन्यांत आईच्या हातात काही येत नव्हतं. भावाने घर चालवलं. एवढं मात्र ऐकून आधी निश्चिंत व्हा: फॅमिली पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून मोजली जाते. कागदाला उशीर झाला तरी मधले पैसे बुडत नाहीत.

पार्ट टू ऑर्डर निघाली, दुरुस्तीचा पीपीओ निघाला, आणि आईचं नाव स्पर्शवर तिच्या आधारप्रमाणे आलं. मग राहिला हयातीचा दाखला. आईची बोटं शेतात राबून इतकी झिजली आहेत की अंगठ्याच्या मशीनवर ठसाच उमटत नव्हता. सेवा केंद्रातल्या मुलाने मोबाइलवरून चेहऱ्याने जीवन प्रमाण, म्हणजे डिजिटल हयातीचा दाखला, काढून दिलं. ही सोय २०२१ पासून आहे, पण केंद्रात गेल्यावर ती आपल्याला मागावी लागते. घरी बसूनही काढता येतं.

पैशांचा हिशेब बऱ्याच जणींना चुकीचा सांगितला जातो. सैनिकाची पेन्शन शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के धरली, तर साधी फॅमिली पेन्शन ३० टक्के असते. म्हणजे नवऱ्याच्या मूळ पेन्शनच्या साधारण ६० टक्के, निम्मी नव्हे. पेन्शनर ६७ च्या आत गेला तर काही काळ वाढीव दर मिळतो, तो सात वर्षं किंवा त्याचं वय ६७ झालं असतं तोवर, यातलं जे आधी येईल तिथपर्यंत. बाबांच्या बाबतीत तो प्रश्न नव्हता. २०१६ पासून किमान फॅमिली पेन्शन ९,००० रुपये आहे आणि त्यावर महागाई दिलासा वेगळा. बाबा गेले तेव्हा दिलासा ५३ टक्के होता, म्हणजे किमान पेन्शनवालीलाही तेव्हा १३,७७० रुपये बसत होते. नवऱ्याने पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतलेले असतील तरी त्याची वजावट बायकोच्या पेन्शनमधून होत नाही. शिवाय वन रँक वन पेन्शनची तिसरी फेररचना १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्या तारखेपासून बाबा जाईपर्यंतचा फरक त्यांचा होता, तो हयातीतली थकबाकी म्हणून आईला मिळाला. हा वेगळा हक्क आहे. माझ्या पाहण्यात दोन घरांनी तो मागितलाच नव्हता.

ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड आईच्या नावे करण्याचा अर्जही याच कागदांवर झाला, त्याला विशेष काही लागलं नाही.

स्पर्शवरची बरीचशी भरणी माझ्या भाच्याने सुट्टीवर आला असताना केली. तो अग्निवीर आहे, २०२३ साली भरती झालेला. आजीची पेन्शन बसवताना त्याने स्वतःचंही सगळं वाचून काढलं. चार वर्षं सेवा, पगारातून ३० टक्के कपात आणि तेवढीच सरकारची भर, शेवटी सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. चारांतला एक कायम होईल आणि त्याला पुढे किमान १५ वर्षं सेवा करायची आहे. सेवेत असताना ४८ लाखांचा विमा आहे, तो मोठा आधार आहे, हे मी नाकारत नाही. पण माझ्या आजोळपासून सासरपर्यंत ज्या बायका नवरा गेल्यावर कुणापुढे हात न पसरता जगल्या, त्या दरमहा येणाऱ्या रकमेवर जगल्या. चोविसाव्या वर्षी एकरकमी मिळालेले पैसे चाळीस वर्षांनी कुणाच्या बायकोला पुरतील असं मला वाटत नाही. कायम न होणाऱ्या तिघांसाठी सरकारने या बाजूने पुन्हा विचार करावा, ही माझी कळकळीची मागणी आहे.

भाच्याचं लग्न अजून व्हायचं आहे. कायम झाला आणि लग्न ठरलं, तर बायकोचं नाव आधारवर असेल तसंच, अक्षर न अक्षर, पार्ट टू ऑर्डरला द्यायचं आणि जन्मतारीख पूर्ण द्यायची, हे त्याला आम्ही सांगून ठेवलं आहे. जन्मतारखेचं महत्त्व पुढेही आहे. ८० वर्षं पूर्ण झाली की फॅमिली पेन्शनमध्ये २० टक्के, ८५ ला ३० टक्के अशी वाढ मिळते, आणि ती रेकॉर्डवरच्या तारखेनेच सुरू होते. आईची तारीख आता तिथे पूर्ण लिहिलेली आहे. तुमच्या घरी वडील किंवा सासरे माजी सैनिक असतील तर या आठवड्यात त्यांचा पीपीओ आणि तुमच्या आईचं किंवा सासूबाईंचं आधार शेजारी ठेवून दोन्ही वाचा. फरक असेल तर अर्ज त्यांच्याच सहीने जाऊ द्या. पेन्शनर स्वतः सही करणारा असला की तेच काम कितीतरी कमी कागदांत होतं.