काकांची टाकी आणि तीन ठिपकेवाला

माझं काम म्हणजे लोकांच्या घरातल्या, क्लिनिकमधल्या मरिन, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाक्या सांभाळणं. पाणी बदलणं, स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र) धुणं, नवीन मासे आणून देणं, आणि बऱ्याचदा जे मासे मागतायत ते नका घेऊ म्हणून समजूत घालणं. पुण्यात गोड्या पाण्याच्या टाक्या ढिगानं आहेत, खाऱ्याच्या त्यामानाने कमी, त्यामुळे एकाकडून दुसऱ्याकडे नंबर जातोच. असाच कुणाकडून तरी नंबर घेऊन कोथरूडच्या एका काकांनी मे महिन्यात फोन केला. "अरे पाण्यात काहीतरी दोष आहे, मासा टिकतच नाही, तू येऊन पाणी बघ." मी म्हटलं गुरुवारी येतो, तर म्हणे गुरुवारी अजिबात नको, पाणी बंद असतं, तुझे हात धुवायला पाणी कुठून आणू. मग शुक्रवारी सकाळी गेलो.

टाकी दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हिशोबाने १२७ लिटर होतात पण वाळू, खडक आणि वरची रिकामी जागा सोडली की खरं पाणी साधारण १०० लिटर. आणि टाकी इतकी स्वच्छ, की मला जरा संशयच आला. काका रिटायर्ड माणूस, शंभर पानी वही, रोजचं तापमान, सॅलिनिटी म्हणजे खारटपणा, किती आरओ पाणी टाकलं, सगळं रकाने आखून लिहिलेलं. उन्हाळ्यात पाणी उडतं पण मीठ उडत नाही, म्हणून वरून भर घालायची ती साध्या आरओ पाण्याचीच, हे अर्ध्या लोकांना वर्षभर सांगूनही पटत नाही, इथे पहिल्या पानावर लाल पेनने लिहिलेलं. मी माझे टेस्ट किट काढले तरी. सॅलिनिटी १.०२५, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १० च्या आसपास. म्हणजे पाण्याला नाव ठेवायला जागाच नाही.

वहीत शेवटचा रकाना होता 'मृत्यू'. तो वाचत बसलो. रॉयल ग्रामा, आणल्यावर चौथ्या दिवशी, शेपटी कुरतडलेली, खेकड्याने खाल्ली असावी. फायरफिश, टाकीबाहेर सोफ्यामागे वाळलेला सापडला. छोटा क्लाउन, अंगावर ओरखडे. परत एक फायरफिश, परत बाहेर. आता हर्मिट खेकडा मेलेला मासा खातो, धडधाकट ग्रामाला पकडणं त्याच्या बापाला जमणार नाही. आणि फायरफिश बिचारा घाबरला की वर उडी मारतो, तो त्याचा स्वभावच, पण दोन वेळा उडी मारली म्हणजे दोन वेळा कुणीतरी घाबरवलं ना.

टाकीत आता शिल्लक कोण तर एक ऑसेलॅरिस क्लाउन, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा, तो वरच्या कोपऱ्यात रिटर्न पंपाच्या पाइपाशी चिकटून, पंखांच्या कडा फाटलेल्या. आणि दुसरा एक काळा कुळकुळीत, कपाळावर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक पांढरा ठिपका. डॉमिनो डॅमसेल. काकांना विचारलं हा कधी आणला, वहीत कुठे दिसत नाही. "तो? तो पहिल्यापासून आहे. टाकी सुरू केली तेव्हा दुकानदाराने दिला, म्हणाला सायकलला हा टाका, हा मरत नाही. आणि खरंच, एकदासुद्धा आजारी पडला नाही हो!"

ही सायकलला, म्हणजे नव्या टाकीत बॅक्टेरिया बसवताना, डॅमसेल टाकायची पद्धत अजून चालू आहे याचं मला खरंच नवल वाटतं. नव्या टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया तयार व्हायला चारेक ते सहा आठवडे लागतात, तोवर त्या माशाने ते विष सोसायचं, आणि काम बाटलीतल्या अमोनियाने किंवा कोळंबीच्या एका तुकड्याने पण होतं. बरं, सोसून तो जगला की पुढचं दुखणं सुरू, कारण तोवर अख्खी टाकी त्याची झालेली असते.

मी काकांना म्हटलं खोलीतला लाइट बंद करा, काचेपाशी उभे राहू नका, सोफ्यावर गप्प बसून बघा. माणूस जवळ आला की मासे खाणं मागायला काचेशी येतात, तेव्हा सगळे सज्जनच दिसतात. थोड्या वेळात डॉमिनो मधल्या खडकाच्या भोकातून निघाला, सरळ क्लाउनवर गेला, त्याला कोपऱ्यात दाबला, परत येऊन भोकात. दोन मिनिटांनी परत तेच. काका हळूच म्हणाले, "आम्हाला वाटायचं खेळतायत."

समुद्रात हाच डॉमिनो असाच वागतो पण तिथे पळणारा मासा दहा फूट लांब गेला की विषय संपला. इथे पळून पळून जाणार कुठे, दोन फुटांत. पेठेतल्या वाड्यातला जुना भाडेकरू कसा, जिना पण माझा, अंगण पण माझं, नळाला आधी मी, नवीन कुणी आलं की दोन महिन्यांत पळवून लावायचं, तसा हा. त्यात हा मोठा होऊन १३-१४ सेंटीमीटर होतो, ठिपके पण पुसट होतात, त्या वयात त्याला १०० लिटर स्वतःलाच पुरत नाही.

मग पकडायचा कसा. जाळीने डॅमसेल पकडायला जाणं म्हणजे वेळ घालवणं, खडक असलेल्या टाकीत तो हातात येत नाही. मी काकांकडून एक लिटरची पाण्याची बाटली मागितली, मान कापली, उलटी करून परत आत बसवली, आत थोडं फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) टाकलं आणि वाळूवर आडवी ठेवली. आत शिरणं सोपं, बाहेर पडणं अवघड. काकूंनी पोहे केले, आम्ही पोहे खात बसलो. बाटलीत आधी एक हर्मिट गेला, मग दुसरा हर्मिट, मग उपाशी क्लाउन जाऊन मस्त जेवून आला आणि चक्क बाहेर पण पडला. डॉमिनो बाटलीसमोर येऊन उभा राहायचा, बघायचा, परत भोकात. जेवायची वेळ झाली तरी तेच. काकू मूळच्या रत्नागिरीच्या, त्यांनी एवढंच विचारलं की आत्तापर्यंत जेवढे मेले त्या पैशात सुरमई किती आली असती. काकांनी उत्तर दिलं नाही.

शेवटी खडक काढायचे ठरले. अर्धं पाणी बादल्यांत, आणि एकेक खडक उचलायला लागलो. मधला मोठा उचलला तर डॉमिनो कुठेच दिसेना, वाळूत नाही, पंपामागे नाही. काका म्हणाले गेला, उडाला, सोफ्यामागे बघा. मी खडक बादलीवर धरून ठेवला होता, त्यातून पाणी गळत होतं, आणि पाणी संपत आल्यावर भोकातून टपकन हा पडला बादलीत! घर सोडायला तयारच नव्हता, घरासकट बाहेर आला. काकांची नात सुट्टीला आली होती ती एवढी हसली की काकू आतून बघायला आल्या.

आता टाकी मोकळी आणि सगळे जमलेले, मग मासे कुठले घ्यायचे ही चर्चा ओघानेच आली. नातीकडे यादी तयार होती, मोबाइलमध्ये फोटोसकट. पहिला निळा टँग, सगळ्या पोरांना तोच हवा असतो. तो ३० सेंटीमीटर होतो, म्हणजे तुझ्या शाळेच्या पट्टीएवढा, आणि दिवसभर पोहणारा मासा, या टाकीत त्याला वळायला पण जागा नाही. दुसरा मँडरिन. दिसायला त्याच्यासारखा दुसरा नाही, पण तो खडकावरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत दिवसभर फिरतो, एवढ्याशा खडकावरचे ते लगेच संपणार आणि पुढे तो उपाशी मरणार. तिसरा लायनफिश, तोंडात मावेल ते सगळं गिळतो, वर काटे विषारी. चौथा सीहॉर्स. तो तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे, आपल्याकडचे प्रवाळ पण, कुणी गुपचूप आणून देतो म्हणाला तरी घ्यायचा नाही. कायदा बाजूला ठेवला तरी तो इतका सावकाश खातो की क्लाउन त्याच्या तोंडचा घास पळवेल. ती म्हणाली, "दादा, तुम्ही सगळ्यालाच नाही म्हणता." म्हटलं थांब, हो पण म्हणणार आहे.

लहान टाकीत मी माशांची नावं आधी बघतच नाही. तळाला कोण राहणार, मध्ये कोण पोहणार, कपारीत कोण बसणार, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या नजरेआड जाता येईल का, हे आधी. म्हणून खडक परत रचतानाच ठरवत गेलो. पूर्वी मध्ये एकच ढीग होता, म्हणजे ज्याच्या ताब्यात ढीग त्याची टाकी. आता दोन वेगळे गट केले, मध्ये मोकळी वाळू. आणि खडक वाळूवर न ठेवता थेट खालच्या काचेवर टेकवले, कारण तळाला मला पिवळा वॉचमन गोबी मासा आणि पिस्टल श्रिंप ही छोटी कोळंबी द्यायची होती. श्रिंप खडकाखाली बीळ खणते, खडक नुसता वाळूवर असेल तर खचून तिच्याच अंगावर. तिला जवळजवळ दिसतच नाही, ती एक मिशी कायम गोबीच्या अंगाला लावून ठेवते, गोबीने शेपूट हलवली की दोघं आत. हे सांगितल्यावर नात सीहॉर्स विसरली.

मधल्या पाण्याला परत फायरफिश, पण या वेळी टाकीवर जाळीचं झाकण बसल्याशिवाय नाही. काका म्हणाले झाकणाने शोभा जाते. म्हटलं सोफ्यामागे शोभा दिसते का. जरा जास्तच बोललो, पण काकू खूश झाल्या.

क्लाउनला जोडी हवीच होती. आता असलेल्यापेक्षा स्पष्ट लहान, आणि ऑसेलॅरिसच, मरून (गडद लाल) रंगाचा क्लाउन चुकूनही नाही, तो डॉमिनोचाच मोठा भाऊ शोभेल. क्लाउन सगळे नर म्हणूनच वाढतात, जोडीतला जो मोठा आणि वरचढ तो मादी होतो. सारख्या आकाराचे आणले तर ते ठरेपर्यंत मारामाऱ्या, आणि तिसरा आणला तर तो मार खाऊन मरणार. काकू म्हणाल्या, "म्हणजे मोठी ती बाई. बरोबर आहे." मी हॅचरीचाच देईन म्हटलं, आपल्याकडे सीएमएफआरआय या सरकारी सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विझिंजम आणि मंडपमला क्लाउनचं ब्रीडिंग बसवलेलं आहे, असे टाकीत जन्मलेले मासे पेलेट म्हणजे कोरड्या गोळ्या पटकन खातात आणि समुद्रातून ओरबाडलेले नसतात.

काकांचा जीव मात्र रॉयल ग्रामावर. अर्धा जांभळा अर्धा पिवळा, कॅरिबियनचा मासा, स्वस्त नाही. स्वभाव शांत, फक्त स्वतःच्या कपारीपुरता तोंड वासून दमदाटी करतो. म्हटलं चालेल, पण सगळ्यात शेवटी, बाकीचे रुळल्यावर, काही महिन्यांनी. आधी गोबी-श्रिंप आणि फायरफिश, बुजरे आधी. मग छोटा क्लाउन, तोही आधी भोकं पाडलेल्या डब्यात टाकीतच टांगून, म्हणजे जुन्याला त्याची सवय होईल. असे एकूण पाच मासे, आणि पाचावर दरवाजा बंद. "सहावा?" "नाही." "अगदी बारीक एक?" "काका, नाही."

डॉमिनो मी घेऊन गेलो, हडपसरला एका क्लायंटकडे सहा फुटी टाकीत ट्रिगर नावाचे दांडगे मासे आहेत, तिथे त्याची दादागिरी कुणी मनावर घेणार नाही. निघताना बिल केलं, व्हिजिट, टेस्ट, खडक परत लावणे. काकांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली, पैसे दिले आणि म्हणाले, "बाटली यात धरली नाहीस ना? ती माझीच होती."