बारा सागरी मैलांच्या पलीकडे

मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या पर्यटक जहाजावर संध्याकाळी सगळे काही सुरू असते. जेवणघरात ताटे मांडलेली असतात, तलावाभोवती गाणी लागलेली असतात, लहान मुले जिन्यांवरून वर-खाली धावत असतात. बंद असतो तो फक्त कॅसिनो. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे साधारण बावीस किलोमीटरपर्यंतचा पट्टा भारताच्या प्रादेशिक जलक्षेत्रात मोडतो आणि तो ओलांडल्याशिवाय पैशांचा खेळ मांडला जात नाही. आमच्या जहाजावर कॅसिनोच्या दाराशी तांबडा मखमली दोर अडकवलेला होता आणि त्याच्या अलीकडे सोलापूरची निम्मी मंडळी ताटकळत उभी होती.

आम्ही सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी मुंबईत उतरलो होतो. स्थानकापासून बॅलार्ड पियर अगदी जवळ असल्यामुळे बोजे सांभाळत फार हिंडावे लागले नाही. एका सूत व्यापाऱ्याने आपल्या जुन्या गिऱ्हाइकांसाठी काढलेली ही सहल होती, त्यामुळे बहुतेकजण टॉवेल आणि चादरींच्या धंद्यातले. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे माग चालतात ते. त्यांच्यातला एक माझा जुना विद्यार्थी. मी चाळीसएक वर्षे सोलापुरात गणित शिकवले आणि हा मुलगा दहावीला त्याच विषयात काठावर पास झाला होता. पण सुताच्या भावाचा तोंडी हिशेब तो माझ्यापेक्षा लवकर करतो. "बाई, तुम्ही आलंच पाहिजे, तिथं सगळं तुमचंच आहे," असे म्हणून त्याने मला आणि आमच्या ह्यांना सोबत घेतले होते.

सोलापूरकरांना आकड्यांचे वेड लागायला समुद्रावर जावे लागत नाही. १८७७ साली उभी राहिलेली जुनी गिरणी आणि तिच्या मागोमाग आलेल्या गिरण्या ज्या कापसावर चालल्या, त्याच कापसाच्या न्यूयॉर्कहून येणाऱ्या भावांवर मुंबईत आकडा लावला जाई. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या आणि पुढे पत्ते काढून आकडा ठरवण्याची सोय झाली आणि हा मटका चालवणाऱ्या कल्याणजी भगत, रतन खत्री यांची नावे गिरणी असलेल्या प्रत्येक गावात पोहोचली. मी शिकवायला लागले त्या काळी ओपन आणि क्लोज, म्हणजे आकड्याचा पहिला आणि दुसरा निकाल, हे चाळीतल्या मुलांना पाढ्यांच्या आधी समजत असे. त्या आकड्याला महाराष्ट्रात १८८७ पासून चालत आलेला जुगार प्रतिबंधक कायदा आडवा येतो. कॅसिनोंना परवाने देऊन कर घ्यावा असा एक कायदा आपल्या राज्याने १९७६ साली केलाही होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दच करण्यात आला. तेव्हा पेठेतल्या टपरीमागे चिठ्ठी लिहून घेणारा मनुष्य कोठडीत जातो आणि बावीस किलोमीटर आत समुद्रात तेच काम गळ्याला बो लावून केले की त्याला मनोरंजन म्हणतात. मला या दोहोंत फरक दिसतो तो एवढाच की दुसऱ्या ठिकाणी हिशेब अधिक पक्का असतो.

ही समुद्रातल्या रेषेची पळवाट आजची नाही. १९३८ साली टोनी कॉर्नेरो नावाच्या गृहस्थाने कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकासमोर 'रेक्स' नावाचे जुगाराचे जहाज नांगरले होते. त्या वेळी रेषा तीन मैलांची होती. आपले जहाज रेषेपलीकडे आहे असे तो म्हणे, आणि किनाऱ्यावरून होड्यांनी माणसे खेळायला येत. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे तत्कालीन महाधिवक्ता अर्ल वॉरन यांनी त्यावर धाड घातली, तेव्हा जहाजावरच्यांनी पाण्याच्या नळांचे फवारे मारून अधिकाऱ्यांना काही दिवस थोपवून धरले. वाद अखेर भूमितीवर आला. रेषा किनाऱ्याच्या वळणापासून मोजायची, की उपसागराची दोन टोके जोडून तिथून पुढे? न्यायालयाने टोके जोडली आणि रेक्स राज्याच्या पाण्यात आले. माझ्या वर्गात हे उदाहरण सांगता आले असते तर मागच्या बाकांवरची मुलेसुद्धा जागी राहिली असती.

ध्वनिक्षेपकावर घोषणा झाली, दोर निघाला. आत खिडकी नाही, घड्याळ नाही. जेवणघरातून नाट्यगृहाकडे जाणारी वाट मात्र बरोबर या दालनातून काढलेली, त्यामुळे ज्याला खेळायचे नाही त्यालाही दिवसातून चारदा तिथून जावे लागते. मी रूलेटच्या, म्हणजे फिरत्या चाकावर चेंडू कोणत्या आकड्यात पडेल यावर पैसे लावण्याच्या खेळाच्या, टेबलाशी उभी राहिले, कारण पाहण्यासारखे सगळ्यांत जास्त तिथेच होते. पैसे दिले की डीलर, म्हणजे खेळ चालवणारी बाई त्या नोटा टेबलावर सुट्या पसरून ठेवते, वर बसवलेल्या कॅमेऱ्याला दिसतील अशा, आणि मग एका चपट्या पट्टीने टेबलातल्या फटीतून खाली ढकलते. बदल्यात एका रंगाच्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, मिळतात. प्रत्येक खेळाडूचा रंग वेगळा, म्हणजे कोणाची चिप कोणत्या आकड्यावर आहे यावरून भांडण नको. आणि त्या रंगीत चिपची किंमत त्याच टेबलापुरती, तिथून उठताना ती मोडून साधी चिप घ्यावी लागते. पाळी संपून दुसरी डीलर आली की पहिली दोन्ही हात झटकून, तळवे उलटसुलट करून कॅमेऱ्याला दाखवते आणि मगच टेबल सोडते. इतकी शिस्त मी बोर्डाच्या परीक्षेतही पाहिली नाही.

"पण बाई, जहाज हलतंय, तर चाक एका बाजूला कलत नसेल का?" असे एकाने विचारले. प्रश्न चांगला होता. टेबलांवर देखरेख करणाऱ्या तरुणाने सांगितले की खेळ उघडण्याआधी चाक पाणसळ लावून तपासतात. ते मला पटले, कारण कललेल्या चाकाचा फायदा हुशार खेळाडूलाही घेता येतो आणि मालकाला ते परवडत नाही. चाक अगदी सरळ असण्यातच त्याचे हित आहे.

ते कसे, हे मी आमच्या कारखानदाराला, म्हणजे त्या जुन्या विद्यार्थ्याला, कागदी रुमालावर मांडून दाखवले. या चाकावर एक ते छत्तीस आकडे, एक शून्य आणि आणखी एक जोडशून्य, असे एकूण अडतीस खाचे होते. समजा, प्रत्येक खाच्यावर शंभर रुपये लावले. म्हणजे ३,८०० रुपये गेले. चेंडू कुठेतरी पडणारच. जिंकलेल्या आकड्याला पस्तीसपट मिळतात आणि लावलेले शंभर परत येतात, म्हणजे ३,६०० रुपये हाती. दर फेरीला दोनशे रुपये कमी, म्हणजे ५.२६ टक्के. एकच शून्य असलेले चाक असते तर हीच तूट २.७० टक्क्यांवर येते. लाल-काळ्यावर लावा, सम-विषमावर लावा, डझनावर लावा, तूट तीच. पाचशे रुपये लालवर लावत कोणी तासाला चाळीस फेऱ्या खेळला, तर त्याचे वीस हजार रुपये टेबलावरून फिरून येतात आणि सरासरीने १,०५२ रुपये तिथे राहतात. त्याने रुमाल बराच वेळ पाहिला. "म्हणजे पाच टक्के घट. आमच्या सुतात एवढी घट धरतोच की आम्ही," असे म्हणून तो टेबलाकडे वळला.

टेबलाजवळच्या फलकावर आधी पडून गेलेले आकडे लाल-काळ्या रंगांत उजळलेले असतात. हा फलक कॅसिनो स्वतःच्या खर्चाने लावतो, एवढ्यावरूनच त्याचा उपयोग कोणाला होतो ते ओळखावे. "बाई, लागोपाठ काळा येतोय. आता लाल येणारच की ओ!" असे आमचे मंडळ दर दहा मिनिटांनी ठरवी. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत काळा रंग सलग सव्वीस वेळा आला होता. असे होण्याची शक्यता एका शून्याच्या चाकावर साधारण साडेतेरा कोटींत एक एवढी आहे, आणि त्या रात्री पंधराव्या-सोळाव्या फेरीपासून लोकांनी 'आता लाल येणारच' म्हणून लालवर रकमा वाढवत नेल्या. चाकाच्या दृष्टीने प्रत्येक फेरी पहिलीच असते. हे मी सांगितले, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या आणि त्यातल्या दोघांनी लालवर पैसे ठेवले. लाल आला. माझ्या शिकवण्याचे त्या रात्री काही खरे नव्हते.

पत्त्यांच्या टेबलांवर आपली माणसे अधिक मोकळी वाटली. दिवाळीत घरोघरी तीन पत्ती होतेच आणि अंदर-बाहर कोणाला शिकवावे लागत नाही. अंदर-बाहरमध्ये ज्या बाजूला पहिला पत्ता पडतो ती बाजू शंभरात सुमारे साडेएक्कावन्न वेळा जिंकते. म्हणूनच त्या बाजूला बहुधा रुपयाला नव्वद पैसेच देतात. ब्लॅकजॅक म्हणजे पत्त्यांची बेरीज एकवीसपर्यंत नेण्याचा खेळ. त्याच्या टेबलावर बारीक अक्षरांत छापलेली ओळ वाचून घ्यावी. पहिल्याच दोन पत्त्यांत एकवीस झाले तर हजाराला दीड हजार देण्याची जुनी रीत आहे. कित्येक ठिकाणी आता बाराशेच देतात आणि एवढ्या एका बदलाने घराचा, म्हणजे कॅसिनोचा, वाटा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो.

स्लॉट यंत्रांपुढे आमच्या गटातल्या वहिनी बसल्या होत्या. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत रिंग टाकून साबणाची वडी जिंकण्याचे दुकान असते, तिथे रिंग किती मोठी आहे हे निदान डोळ्यांना दिसते. यंत्राच्या आतला हिशेब दिसत नाही. प्रत्येक दाबणीला आतली प्रणाली नवा यादृच्छिक आकडा काढते आणि चित्रे नंतर थांबतात. अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यात यंत्राने दीर्घकाळात किमान पंचाहत्तर टक्के परतावा दिलाच पाहिजे असा नियम आहे आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारे सरकारी मंडळ आहे. भर समुद्रात जहाजाला कायदा लागतो तो त्याच्या ध्वजाचा, आणि पर्यटक जहाजांचे ध्वज बहुधा बहामा, पनामा, माल्टा अशा देशांचे असतात. यंत्र लबाड असते असे मी म्हणत नाही. मोठ्या कंपन्यांना लबाडीची गरजच नाही. पण रात्री दोन वाजता अरबी समुद्रात तक्रार करायची झाली तर ती जहाजाच्याच काउंटरवर करावी लागते, हे ध्यानात असलेले बरे.

शहरातला कॅसिनो आणि जहाजावरचा कॅसिनो यांतला खरा फरक मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळला. शहरात मनुष्य कंटाळला की रस्त्यावर येतो, चहा घेतो, रिक्षा पकडून घरी जातो. इथे चहूकडे पाणी. फोनला रेंज नाही, पोहण्याचा तलाव उन्हाने तापलेला, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी संपलेली. पुन्हा नोटा संपल्या तरी खोलीचे कार्डच पैशाचे पाकीट होते, त्यामुळे हातातून नोट गेल्याचे दुःखही होत नाही. घराचा वाटा टक्क्यांत लहान असतो. तो मोठा होतो फेऱ्यांनी, आणि जहाजावर फेऱ्यांना वेळच वेळ असतो.

गोव्याला मुरगाव बंदरात लागताना जहाजाचा कॅसिनो बंद झाला. यंत्रांचे दिवे चालू, खुर्च्या रिकाम्या, दाराशी पुन्हा तो दोर. आम्ही बसने पणजीला गेलो, तर मांडवी नदीत, किनाऱ्यावरून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ, कॅसिनोच्या बोटी भर दुपारी सुरू! आमचा कारखानदार चक्रावला. "समुद्रात बंद आणि नदीत चालू, हे कसलं गणित ओ बाई?" हे गणित विधिमंडळाचे आहे. गोव्याच्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना मुभा दिली गेली आणि १९९६ मध्ये जहाजांवर टेबलावरच्या खेळांनाही. त्या मुभेवरच ही जहाजे नदीत उभी आहेत. खुद्द गोमंतकीयांना मात्र २०२० पासून खेळाच्या दालनात मज्जाव आहे. सरकार आपल्या लोकांना ज्यापासून जपते तेच शेजाऱ्यांना विकते, हे मला विशेष वाटले. कराच्या बाबतीतही कोणी हात आखडता घेतलेला नाही. ऑक्टोबर २०२३ पासून खेळायला भरलेल्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के वस्तू व सेवा कर होता, सप्टेंबर २०२५ मध्ये तो चाळीस टक्के झाला. जिंकलेल्या पैशावरचा तीस टक्के आयकर वेगळाच.

परतीच्या रात्री सर्वांचे हिशेब झाले. आमच्यातल्या एका वयस्कर अण्णांनी स्लॉटवर एकदाच बसून मोठी रक्कम उचलली आणि कोणाचे न ऐकता ते झोपायला गेले. कारखानदार रोज पहाटेपर्यंत रूलेटवर होता. तो किती हरला ते त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

सोलापूरला आल्यावर काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. जहाज कंपनीने त्याला पुढच्या सफरीसाठी खोलीच्या भाड्यात घसघशीत सवलत दिली होती. अण्णांना असा निरोप आला नव्हता आणि त्यामुळे ते रागावले होते. मी त्याला सांगितले की कॅसिनो असली भेट जिंकण्या-हरण्यावरून देत नाही. सरासरी डाव किती, तासाला फेऱ्या किती, बसला किती तास आणि घराचा वाटा किती, या चार आकड्यांच्या गुणाकारातून खेळाडूकडून किती अपेक्षा धरायची ते ठरते आणि त्यातला काही भाग सवलत म्हणून परत येतो. मग त्याच्या सवलतीवरून उलट हिशेब करून त्याची अपेक्षित तूट साधारण किती धरली असावी, तेही काढून दाखवले. पलीकडे जरा वेळ कॅल्क्युलेटरचा आवाज येत होता. "बरोबर आहे बाई, तेवढेच गेले होते," तो म्हणाला. आणि जानेवारीत गड्डा उरकला की निघायचे आहे, तुमच्या दोघांचीही तिकिटे काढू का, असे त्याने विचारले.