नको म्हटल्यावर

रविवार, रात्रीचे अकरा. पाऊस थांबून थांबून पडतोय.

आत्याकडून आत्ताच आले. नाशिकमध्येच, जेलरोडला दुपारी जेवायला म्हणून गेले, निघेपर्यंत नऊ वाजले. डोक्यात इतकं काही फिरतंय की झोप येणार नाही. लिहूनच काढते.

आत्याचा फोन एरवी हॉलमध्ये टीव्हीशेजारी पडलेला असतो. हल्ली तो स्वयंपाकघरात ओट्यावर असतो, मिक्सरच्या प्लगला लावलेला. तीन आठवडे झाले. तीन आठवड्यांपूर्वी आतेबहिणीला बघायला पुण्याहून मंडळी आली होती. पोहे झाले, दोघं गच्चीत जाऊन अर्धा तास बोलून आली, आणि निघताना मुलाचे वडील दारात चपला घालता घालता म्हणाले, "दोन दिवसांत कळवतो." तेव्हापासून फोन ओट्यावर. आज पोळ्या लाटताना तो वाजला. आत्याने पिठाचे हात तसेच गाऊनला पुसले आणि उचलला. कुठल्याशा कर्जाची जाहिरात होती. "नको हो," म्हणून तिने ठेवला आणि परत लाटणं हातात घेतलं. तेवढ्यात तव्यावरची पोळी करपली होती. ती तिने स्वतःच्या ताटाखाली ठेवली.

आतेबहीण स्वयंपाकघरात येतच नाही आताशा. पाण्याची बाटलीसुद्धा भरून खोलीत नेऊन ठेवते, म्हणजे त्या फोनसमोरून जायला नको.

मागच्या रविवारी आत्याने त्यांना मेसेज केला होता. "नमस्कार. आपल्या निरोपाची वाट पाहत आहोत." दोन टिका निळ्या झाल्या, उत्तर नाही. व्हॉट्सॲपवर या निळ्या टिका २०१४ मध्ये आल्या. त्याआधी माणूस म्हणू तरी शकायचा, की मेसेज पोहोचला नसेल, गावाला गेले असतील. आता तेवढंही म्हणायची सोय उरलेली नाही. त्यांनी वाचलं, आणि वाचून फोन खाली ठेवला, हे आत्याला लख्ख दिसतंय.

मला याचा मनापासून राग आहे. मुलगी पसंत नसण्याचा नाही, तो त्यांचा हक्क आहे. राग आहे तो एका घराला तीन आठवडे ताटकळत ठेवण्याचा. पूर्वी पोस्टकार्ड यायचं, "पत्रिका जुळत नाही." आजी सांगायची, दहातल्या नऊ वेळा पत्रिका कोणी उघडूनही बघितलेली नसायची. कॉलेजात असताना मला हा ढोंगीपणा वाटायचा. आज वाटतं, त्या एका खोट्या ओळीत केवढी माणुसकी होती. दोष मुलीचा नाही, आमचा नाही, ग्रहांचा. कार्ड आलं की त्या घरातली माणसं रात्री नीट जेवत असतील, दुसऱ्या दिवशी दुसरं स्थळ बघायला मोकळी होत असतील. आपण ते खोटं सोडलं ते बरंच केलं, पण त्याच्या जागी खरं बोलायला कोणी शिकलंच नाही.

हे फक्त बघण्याच्या कार्यक्रमात होतं असं नाही. मी स्वतः ॲपवर भेटलेल्या एकाला तीनदा भेटले, दोनदा कॉलेज रोडला कॉफीसाठी आणि एकदा सोमेश्वरला. माणूस चांगला होता. पण घरी परतताना मला परत भेटावंसं वाटत नव्हतं, आणि ते तिसऱ्या भेटीतच पक्कं झालं होतं. तरी मी अकरा दिवस काही लिहिलं नाही. त्याचे "कामात आहेस का?" असे दोन मेसेज आले, ते मी वाचून तसेच ठेवले. बाराव्या दिवशी लिहिलं: "तुझ्याशी बोलायला आवडलं. पण मला हे पुढे न्यायचं नाही. विचार करून ठरवलंय, आणि आता ते बदलणार नाही. उशिरा सांगतेय, त्याबद्दल माफ कर." पाच मिनिटांत उत्तर आलं. "सांगितलंस ते बरं केलंस. आज झोप लागेल." हे वाक्य मी विसरू शकत नाही. अकरा रात्री त्याची झोप माझ्या हातात होती आणि मी ती तशीच धरून बसले होते.

मी तेव्हा गप्प का बसले, यावर पुष्कळ विचार केलाय. सरळ नाही म्हणायला आपल्याला घरात कोणी शिकवतच नाही. निघताना "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं. डबीतलं कुंकू संपत नाही, वाढतं. बांगडी फुटली तरी वाढवली. हे सगळं मला आवडतं, त्यात माया आहे, कोणाच्या मनाला लागू नये ही काळजी आहे. पण हीच सवय माणसामाणसांतल्या बोलण्यात शिरली की "बघू", "जमवतो", "सांगतो" हे शब्द तयार होतात. लग्नाच्या आमंत्रणाला "नक्की येतो" म्हणणारे निम्मे लोक तेव्हाच ठरवून बसलेले असतात की जायचं नाही. आचाऱ्याला ताटांचा आकडा कोणी द्यायचा?

आणि नाही म्हटलंच, तर ते ऐकलं जात नाही. आग्रह! आज आत्यानेच मला तिसरी पुरणपोळी वाढली. मी पानावर हात आडवा धरला होता. तिने तो हळूच बाजूला केला. "अगं, एवढ्याशा पोळीने काय होतंय." प्रेमानेच केलं, मला माहीत आहे, पोळीही मी आवडीने खाल्ली. पण आपल्याकडे पहिलं "नको" धरलंच जात नाही. ते भिडेचं असतं असं समजून दुसऱ्याची वाट बघतात, मग तिसऱ्याची. पंगतीत हे गोड वाटतं. आता याच पंगतीत वाढलेला मुलगा मोठा होतो, एखाद्या मुलीला विचारतो, ती नको म्हणते, आणि त्याला प्रामाणिकपणे वाटतं की हे पहिलं नको आहे, अजून दोन बाकी आहेत. मग तो क्लासच्या बाहेर उभा राहतो, तिच्या मैत्रिणीकडून नंबर मिळवतो. त्याच्या मित्रांना ती चिकाटी वाटते. मुलीला रस्ता बदलावा लागतो. मी बदलला होता, अकरावीत, दोन महिने. अशोकस्तंभावरून सरळ न जाता लांबून जायचे. तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं.

ऑफिसातही सध्या हेच चाललंय. म्हणून आज आत्याकडे माझा तोल जास्त गेला असावा.

माझं काम ॲपच्या पडद्यावरचा मराठी मजकूर लिहायचं. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाईक कंपनीची खिडकी आली. प्रश्न: "खास ऑफर रोज पाठवू का?" खाली दोन बटणं: "हो, पाठवा" आणि "नंतर". मी विचारलं, "नको"चं बटण कुठे आहे? उत्तर आलं, "नको ठेवलं की लोक नको दाबतात." म्हणजे माणसाला काय हवंय ते त्यांना चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच ते विचारायचं नाही! आणि "नंतर" दाबलं की चार दिवसांनी तीच खिडकी परत उगवते. हा आत्याचाच आग्रह आहे, फक्त त्यात पुरण नाही आणि प्रेमही नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला फसवणाऱ्या, अडकवणाऱ्या रचनांचे त्यात १३ प्रकार सांगितलेत. गिऱ्हाईकाने न मागितलेली वस्तू त्याच्या टोपलीत गुपचूप टाकणं, वर्गणी बंद करायची वाट लपवून ठेवणं, नकार देणाऱ्याला लाज वाटेल असा मजकूर लिहिणं, आणि तेच तेच विचारून माणसाला भंडावून सोडणं. शेवटचा प्रकार म्हणजे आमची ही खिडकी. त्याच वर्षीचा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा तर सांगतो, की संमती मोकळेपणाने दिलेली हवी, आणि ती काढून घेणं हे देण्याइतकंच सोपं असायला हवं. संमती मागताना तो मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची सोय द्यायला हवी, हेही त्यात आहे. म्हणजे मराठीत. म्हणजे माझ्या टेबलावरून. दोन्हींची पानं छापून मी साहेबांकडे ठेवली आहेत. शुक्रवारपर्यंत ती तिथेच होती.

मराठीचं एक आणखी आहे, त्यावर मी वर्षभर भांडतेय. इंग्रजीतल्या कॅन्सलला सगळीकडे "रद्द करा" लिहून मोकळे होतात. एका पडद्यावर प्रश्न होता, "ऑर्डर रद्द करायची आहे का?" आणि खाली बटणं "रद्द करा" आणि "ठीक आहे". आईला दाखवलं. तिने चष्मा वर केला, खाली केला, आणि विचारलं, "यातलं कुठलं दाबलं की रद्द होते?" तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. पहिल्या बटणाने ऑर्डर रद्द होणार की रद्द करण्याचा विचार रद्द होणार? मी ते बदलून "हो, ऑर्डर रद्द करा" आणि "नको, राहू दे" असं केलं. राहू दे! किती शांत शब्द आहे. मराठीत नकार द्यायला इतके चांगले शब्द असताना भाषांतराचे गठ्ठे पाडणाऱ्यांना ते दिसत कसे नाहीत?

आणि ताईचा मुलगा. इंदिरानगरला राहतात, तिसरीत आहे. परवा त्याच्या शाळेच्या डायरीत लाल शाईने शेरा आला, "वर्गात लक्ष नसते." ताईने खोदून विचारलं तेव्हा कळलं, की बाईंनी वजाबाकी शिकवून झाल्यावर विचारलं, "समजलं का?" सगळा वर्ग "होऽऽ" म्हणाला आणि हा एकटा "नाही" म्हणाला. मुलं हसली. शेरा आला. आता तोही "होऽऽ" म्हणतो, त्याने मला सांगितलं, "मावशी, तसंच म्हणायचं असतं."

वही बघितली. ५२ वजा ३८, उत्तर २६. त्याने एककात आठातून दोन वजा केले होते, कारण दोनातून आठ जात नाहीत आणि लहान आकडा मोठ्यातून जातो एवढं त्याला पक्कं माहीत होतं. चूक होती, पण तिला कारण होतं. मी देवघरातून काडेपेट्या आणल्या, दहा-दहा काड्यांना रबर लावले, पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. आठ काढ म्हटलं. तो दोन काड्यांकडे बघत बसला. मग त्याने स्वतःच एका जुडीचा रबर काढला. काड्या फरशीवर पसरल्या. त्याने मोजल्या आणि ओरडला, "बारा झाल्या!" वीस मिनिटं लागली. ज्या "नाही"वर शेरा आला, त्याच "नाही"ने ही वीस मिनिटं मिळाली असती, वर्गातच, आणि माझी खात्री आहे की त्या "होऽऽ"मधल्या निम्म्या मुलांनाही ती हवी होती.

बावन्न म्हणताना आधी दोन ऐकू येतात आणि लिहिताना आधी पाच लिहावे लागतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "एकवीस"च्या सोबत "वीस एक" असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. मी तेव्हा त्यांच्या बाजूने होते, आजही आहे. मुलांना समजत नाहीये, हे कोणीतरी मोठ्या माणसाने कबूल केलं होतं. बावन्न शब्द मला प्रिय आहे, तो कुठे जाणार नाही, पण "पन्नास दोन" म्हटल्याने एखाद्या मुलाला आकडा दिसत असेल तर ते ऐकून घ्यायला काय हरकत आहे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमात स्पष्ट लिहिलंय, की अभ्यासक्रमाने मूल भीतीतून मुक्त व्हावं आणि त्याला आपलं मत मोकळेपणी मांडता यावं. तिसरीतल्या मुलाचं सगळ्यात मोकळं मत म्हणजे "मला नाही समजलं." ताईला सांगितलंय, शेऱ्याखाली सही करायच्या आधी बाईंना जाऊन भेट. भांडायला नको, नुसती वही दाखव.

तर आज संध्याकाळी चहा झाल्यावर मी आत्याला म्हटलं, "आत्या, तूच फोन कर आणि विचार." ती म्हणाली, "मुलीकडच्यांनी असं मागे लागायचं नसतं गं." मी म्हटलं, मग त्यांच्याकडून नकार आला असं समज आणि फोन उचलून हॉलमध्ये ठेव. त्यावर ती काहीच बोलली नाही, कोथिंबीर निवडत राहिली.

आतेबहीण दारात उभी होती. कधी आली कळलं नाही. ती सरळ ओट्यापाशी गेली, आत्याचा फोन प्लगमधून काढला आणि उभ्या उभ्या टाइप केलं. मला दाखवलं, आत्याला नाही. "नमस्कार. तीन आठवडे वाट पाहिली. आता आमच्याकडून नको. तुम्हाला शुभेच्छा." खाली तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं. पाठवलं. आत्या एकदम उठली, "अगं, काय केलंस हे!" कोथिंबीर खाली सांडली. मग बराच वेळ दोघींचं बोलणं झालं, त्यातलं सगळं मी इथे लिहिणार नाही. आत्या रडली. म्हणाली, पुढच्या स्थळाच्या कानावर हे गेलं तर? तिची भीती खोटी नाही. मी या वेळी तिला काहीही समजावलं नाही.

परतताना रामकुंडापाशी गाडी थांबवली. धरणातून पाणी सोडलंय. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यांना पाणी लागलं होतं आणि घाटावरचे दुकानदार सामान वरच्या पायऱ्यांवर नेत होते, कोणी धावपळ करत नव्हतं. पाणी कुठवर आलं की काय उचलायचं, हे इथे सगळ्यांना माहीत असतं.

निघताना मी "येते" म्हटलं तर आत्याने नुसती मान हलवली. आतेबहीण जिन्यापर्यंत सोडायला आली. तिच्या हातात वाटी होती, दुपारची कटाची आमटी गार होऊन घट्ट झालेली, ती तशीच उभ्या उभ्या चमच्याने खात होती.